विमानाच्या व्हीएचएफ रेडिओसाठी २५ सेंटिमीटरचा रीकॉन्फिगरेबल अँटेना: मोजणीपासून डायोडपर्यंत कामाचा क्रम

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांमध्ये शेवटच्या वर्षाला हा विषय वारंवार घेतला जातो. रीकॉन्फिगरेबल म्हणजे डायोडच्या स्विचने वारंवारता बदलता येणारा अँटेना; स्विचची प्रत्येक जुळणी ही एक अवस्था. सिम्युलेशनचा आलेख देखणा येतो, बोर्ड छापून येतो, डायोड लागतात, आणि बाकावर मांडल्यावर चारही अवस्थांत एकच रेषा दिसते किंवा काहीच धड दिसत नाही. बहुतेक वेळा गणित बरोबर असतं, कामाचा क्रम उलटा असतो. डायोड आधी लावतात आणि अँटेना नंतर मोजतात. इथे सगळा क्रम त्याच्या उलट आहे. तो पाळलात तर चूक कुठे झाली हे प्रत्येक टप्प्यावर कळतं.

सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करा. हे काम मोजणीचं आणि फार तर रिसीव्हरपुरतं आहे. हवाई संपर्काच्या पट्ट्यात परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची परवानगी लागते. सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र शहराला लागूनच आहे, म्हणून ट्रान्समीटर, हँडसेट, पॉवर अँप्लिफायर यातलं काहीही या अँटेनाला जोडू नका. १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची वारंवारता आहे. सिग्नल जनरेटर वापरलात तरी तो तिथे कधीही लावू नका.

## टप्पा १: रीकॉन्फिगरेबल हवाच आहे का, ते ठरवा

विमानातल्या सगळ्याच पट्ट्यांना स्विचिंग लागत नाही. डीएमई (अंतर मोजणारं उपकरण) आणि ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं उपकरण) ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. तिथे सुमारे ७ सेंटिमीटर उंचीचं साधं ब्लेड एकाच अवस्थेत सगळा पट्टा उचलतं, डायोड घातले तर फक्त नुकसान वाढतं. जीपीएस आणि ट्रान्सपॉन्डर एकाच अँटेनात बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण जीपीएसला उजवं वर्तुळाकार ध्रुवीकरण लागतं आणि ट्रान्सपॉन्डरला उभं. वारंवारता बदलणाऱ्या स्विचने ध्रुवीकरण बदलत नाही.

स्विचिंगचं खरं काम व्हीएचएफ बोलण्याच्या पट्ट्यात आहे, म्हणजे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. मध्य धरा १२७.५, तरंगलांबी सुमारे २३५ सेंटिमीटर, पाव तरंग म्हणजे ५९ सेंटिमीटर. आपल्याला उंची हवी २५ सेंटिमीटर. एवढ्या लहान अँटेनाला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. २५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलात बसणाऱ्या अँटेनाचा क्यू (हा जितका जास्त तितका पट्टा अरुंद) कमीत कमी ५ च्या आसपास असतो. तेवढ्यावर, २ पेक्षा कमी व्हीएसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप, १ म्हणजे काहीच परत फिरत नाही) धरून, १८ मेगाहर्ट्झच्या आसपास पट्टा मिळेल, आणि तोही कागदावरचा आदर्श अँटेना असेल तर. आपल्याला लागतात १९. हाताने केलेल्या अँटेनाचा क्यू १० ते १२ येतो, म्हणजे हातात ८-९ मेगाहर्ट्झ पडतात. म्हणून पट्ट्याचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक अवस्था ठेवायची. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘रीकॉन्फिगरेबल का?’ या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

## टप्पा २: साहित्य आधी, सगळं एकदम

- १.६ मिलिमीटर एफआर-४ कॉपरक्लॅड: १३० × २६० मिलिमीटरचा एक तुकडा, ५० × ४० चा दुसरा
- ॲल्युमिनियमचा पत्रा ४ × ४ फूट, १ मिलिमीटर किंवा थोडा जाड
- १९ गेजची एनॅमलची तांब्याची तार (१ मिलिमीटर), २ मीटर
- १२ आणि २२ नॅनोहेन्रीचे चिप इंडक्टर, ५ टक्के किंवा त्याहून चांगले, प्रत्येकी चार
- पिन डायोड (रेडिओ सिग्नलचा स्विच म्हणून चालणारे), प्रत्येक बोर्डाला दोन आणि सोबत चार जादा
- १ नॅनोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर, सी-झीरो-जी जातीचे, दहा
- १ मायक्रोहेन्रीचे आरएफ चोक (रेडिओ सिग्नल अडवून डीसी सोडणाऱ्या कॉइल) दोन, २२० ओहमचे रेझिस्टर दोन
- बीएनसी पॅनेल कनेक्टर, क्लिपची फेराइट तीन-चार
- नॅनोव्हीएनए (अँटेना मोजणारं छोटं उपकरण, पुढे नुसतं व्हीएनए) आणि त्याचा कॅलिब्रेशन संच

पत्रा उद्यमबागेतल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये कापून, भोकं पाडून मिळतो. पूर्ण पत्रा ८ × ४ चा असतो, अर्धा मागा. तारेसाठी ऑनलाइन शोधत बसू नका. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणारं दुकान प्रत्येक तालुक्याच्या गावी असतं आणि तिथे ही तार तोळ्यावारी मिळते. डायोड आणि चिप इंडक्टर मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात. ते पोहोचेपर्यंत टप्पा ४ पर्यंतचं सगळं काम उरकता येतं.

डायोड निवडताना दोन आकडे पाहा. वाहकांचं आयुष्य (डायोडमधला विद्युतभार टिकण्याचा काळ) १ मायक्रोसेकंद किंवा जास्त असावं आणि १०-२० मिलिअँपिअरला चालू रोध १ ते २ ओहमच्या घरात असावा. बीएआर-६४ जातीचा डायोड यात बसतो. वायफायच्या गिगाहर्ट्झ स्विचसाठी केलेले फार वेगवान डायोड इथे नकोत. त्यांचं आयुष्य नॅनोसेकंदांत असतं, आणि वारंवारता जितकी खाली येते तितकं ते सिग्नल विकृत करू लागतात.

बंद डायोडचा कपॅसिटन्स, ०.२-०.३ पिकोफॅरड, इथे त्रास देत नाही. १२७ मेगाहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स (कपॅसिटर किंवा कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) हजारो ओहम असतो. तोच डायोड ५ गिगाहर्ट्झला १५० ओहमच्या आसपास येतो आणि ‘बंद’ हा शब्द नावापुरता उरतो. त्यामुळे व्हीएचएफला शिकणं सोपं जातं.

## टप्पा ३: रेडिएटर आणि पत्रा

मोठ्या तुकड्यावर रेडिएटर, म्हणजे अँटेनाचा मुख्य भाग, इंग्रजी टी अक्षरासारखा ठेवा: उभी पट्टी ४० मिलिमीटर रुंद, वरची आडवी पट्टी १२० × ३०, एकूण उंची २५०. बाकीचं तांबं फेरिक क्लोराइडने काढा किंवा पट्टीने खरवडून सोला. कोपरे कानशीने ५ मिलिमीटरच्या गोलाईने घासा. टोकदार कोपऱ्यावर विद्युतक्षेत्र एकवटतं, आणि उंचीवरच्या विरळ हवेत तिथूनच ठिणगी उडू लागते.

वरची आडवी पट्टी शोभेची नाही. तिच्यामुळे उभ्या पट्टीत प्रवाह वरपर्यंत टिकतो. २५ सेंटिमीटरच्या नुसत्या काठीचा रेडिएशन रेझिस्टन्स (उष्णतेत न जाता लहरींत जाणारी शक्ती दाखवणारा रोध) साडेचार ओहमच्या आसपास असतो. प्रवाह खालपासून वरपर्यंत अगदी सारखा राहिला असता तर तो जवळजवळ १८ झाला असता. आपल्या टीला साधारण १० मिळतात. हा १० चा आकडा लक्षात ठेवा. पुढे वाटेत लागणारा प्रत्येक ओहम या दहाशी तोलायचा आहे.

पत्र्याच्या मध्यभागी कनेक्टरचं भोक पाडा. भोकाभोवती ४ सेंटिमीटर भाग पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि त्याच दिवशी कनेक्टर बसवा, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच चढतो. विमानात अशा बाँडिंगचा रोध २.५ मिलिओहमच्या आत ठेवायचा दंडक आहे. तो साध्या मल्टिमीटरने मोजता येत नाही, चार तारांची पद्धत लागते.

सावध: पत्र्याऐवजी हातभर बोर्डाचं तांबं ‘ग्राउंड’ म्हणून वापरलं तर कोॲक्स केबलच अँटेना होते. ओळखायचं कसं? केबलला हात लावा. आलेख हलला तर ग्राउंड अपुरं आहे. पत्रा असूनही थोडं हलत असेल तर पत्र्याखाली केबलवर फेराइट चढवा.

## टप्पा ४: नुसता रेडिएटर मोजा

बोर्डावर अजून काहीही लावायचं नाही. रेडिएटर कनेक्टरला थेट डाग द्या, मधली तार १० मिलिमीटरपेक्षा लांब नको.

व्हीएनए १०० ते १६० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि ओपन, शॉर्ट, लोड ही तिन्ही कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला करा. उपकरणाच्या पोर्टावर करून मग केबल जोडली तर सगळे रिअॅक्टन्स खोटे येतात. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

आता ११८, १२७.५ आणि १३७ ला रिअॅक्टन्स वाचा. तो ऋण असेल. कपॅसिटन्स काढायचा तो असा: १,५९,१५५ ला मेगाहर्ट्झ आणि ओहम यांच्या गुणाकाराने भागा, उत्तर पिकोफॅरडमध्ये येतं. १२७.५ ला उणे १२५ ओहम असेल तर १० पिकोफॅरड. या मापाच्या रेडिएटरला ८ ते ११ च्या दरम्यान काहीतरी मिळतं. वारंवारता वाढते तसा आकडा किंचित वाढतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रोधाचा आकडा मात्र इथे वहीत उतरवू नका. १० ओहम रोध आणि १२५ ओहम रिअॅक्टन्स अशा भाराला स्वस्त व्हीएनएचा रोध दुपटीनेही चुकू शकतो. रोध बघायचा तो कॉइल लागल्यावर.

तपासणी: हात एक मीटर लांब ठेवून तीन वेळा मोजा. तिन्ही वेळा रिअॅक्टन्स २ ओहमच्या आत जुळला पाहिजे. नाही जुळला तर पुढे जाऊ नका, कनेक्टरचा डाग आणि पत्र्याचा सांधा पाहा.

## टप्पा ५: कॉइल लावा, डायोडच्या जागी तारेच्या कड्या

कनेक्टरपासून वर जाताना जोडणीचा क्रम असा: आधी १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, मग १२ नॅनोहेन्री, मग २२ नॅनोहेन्री, मग मुख्य कॉइल, मग रेडिएटर. दोन्ही बदलत्या कॉइल कनेक्टरच्या बाजूला आणि मुख्य कॉइल रेडिएटरच्या बाजूला. हा क्रम उलटा का चालत नाही ते टप्पा ७ मध्ये येईल. बोर्ड छापायला देण्याआधी तो टप्पा वाचाच.

मुख्य कॉइल ११३ नॅनोहेन्रीची. ९ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर १९ गेजच्या तारेचे ४ वेढे घाला, बाहेर काढा आणि साडेनऊ मिलिमीटर लांबीपर्यंत सारखे ताणा. टोकांचं एनॅमल पात्याने चारही बाजूंनी खरवडा. नुसतं डागाच्या उष्णतेवर सोडलं तर वरून चकचकीत दिसणारा आणि आतून कोरडा डाग तयार होतो. कॉइल बोर्डाच्या तांब्यापासून आणि पत्र्यापासून किमान १० मिलिमीटर वर उचलून ठेवा. खाली धातू आला की तिचा इंडक्टन्स घटतो.

इथे बाजारातली चिप कॉइल वापरण्याचा मोह टाळा. १२७.५ मेगाहर्ट्झला ११३ नॅनोहेन्री म्हणजे ९० ओहम. चिपचा क्यू ४० असेल तर सव्वादोन ओहम तिथेच गेले. हवेतल्या तारेच्या कॉइलचा क्यू २०० च्या आसपास जातो, नुकसान अर्ध्या ओहमच्या आत राहतं.

१२ आणि २२ च्या कॉइलला समांतर डायोडसाठी जागा सोडलेली असेल. तिथे सध्या तांब्याच्या तारेच्या आखूड कड्या लावायच्या. कडी लावली म्हणजे डायोड चालू, काढली म्हणजे बंद. चार अवस्था अशा येतील:

- अवस्था १, दोन्ही कड्या काढलेल्या: १४७ नॅनोहेन्री, सुमारे १२०.७ मेगाहर्ट्झ
- अवस्था २, फक्त १२ वर कडी: १३५ नॅनोहेन्री, १२५
- अवस्था ३, फक्त २२ वर कडी: १२५ नॅनोहेन्री, १२९
- अवस्था ४, दोन्हींवर कड्या: ११३ नॅनोहेन्री, १३४.५

हे आकडे १० पिकोफॅरड धरून आहेत. तुमचा कपॅसिटन्स ९ भरला तर मुख्य कॉइलमध्ये १७ नॅनोहेन्रीची भर घाला, बदलत्या कॉइल आहेत तशाच ठेवा.

सुरुवात अवस्था ४ पासून करा, कारण त्यात फक्त मुख्य कॉइल असते आणि हाताने ताणता-दाबता येणारी तीच एक आहे. १३४.५ मेगाहर्ट्झला वाचन सुमारे १२ ओहम आणि उणे २२ ओहम रिअॅक्टन्स असं आलं पाहिजे. रिअॅक्टन्स जास्त ऋण असेल तर वेढे जवळ दाबा, कमी असेल तर लांबवा. मग कड्या काढून अवस्था १ ला जा. १२०.७ ला साधारण १० ओहम आणि उणे २० हवेत.

रिअॅक्टन्स शून्यावर आणायचा नाही. हे वाक्य अधोरेखित करा. उरलेले उणे वीस-बावीस ओहम पुढच्या टप्प्यात वापरायचे आहेत.

सावध: अवस्था ४ बरोबर आणि अवस्था १ फार खाली येत असेल तर बोर्डावरचे ट्रॅक तपासा. अरुंद ट्रॅकचा प्रत्येक मिलिमीटर पाऊण ते एक नॅनोहेन्री घालतो. १० मिलिमीटरचा वळसा म्हणजे जवळजवळ आख्खी १२ ची कॉइल.

## टप्पा ६: शंट कॉइल

१२ ओहमचे ५० करायला ट्रान्सफॉर्मर लागत नाही. १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरनंतरच्या बिंदूपासून ग्राउंडला ३६ नॅनोहेन्रीची कॉइल जोडा, हीच शंट कॉइल. त्याच तारेचे ३ वेढे, ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर, लांबी ६ मिलिमीटर. तिचा अक्ष मुख्य कॉइलच्या अक्षाला काटकोनात ठेवा, नाहीतर दोघी एकमेकींत गुंततात आणि एक हलवली की दुसरीही बिघडते.

ही कॉइल तीन कामं करते. रोध ५० ला नेते, डायोडच्या डीसी प्रवाहाला परतीची वाट देते, आणि उडताना अंगावर साठणारा स्थिर विद्युतभार जमिनीला सोडते. मधला कपॅसिटर वगळू नका. काही यूएसबी रिसीव्हर केबलमधून डीसी पुरवठा सोडतात. कपॅसिटर नसेल तर शंट कॉइल तो पुरवठा थेट शॉर्ट करेल.

तपासणी: कड्यांच्या चारही अवस्थांत मध्यावर व्हीएसडब्ल्यूआर १.५ च्या आत, आणि २ च्या आतला पट्टा किमान ६ मेगाहर्ट्झ. शेजारच्या अवस्थांचे पट्टे एकमेकांवर चढलेले हवेत. चारही आलेख वहीत उतरवा, फोटो काढा. पुढचं सगळं याच आलेखांशी ताडून पाहायचं आहे.

## टप्पा ७: डायोड आणि बायस

सगळ्यात जास्त बोर्ड इथेच वाया जातात, म्हणून सावकाश.

पहिली चूक: डायोड थेट कॉइलला समांतर. कॉइल डीसीला नुसती तार आहे. बायसचा, म्हणजे डायोड चालू करणाऱ्या डीसीचा, सगळा प्रवाह तिच्यातून जातो, डायोडवर शून्य व्होल्ट पडतात आणि चारही अवस्था एकच दिसतात. म्हणून प्रत्येक डायोडबरोबर एकसरीत कपॅसिटर हवा.

दुसरी चूक: तो कपॅसिटर १०० पिकोफॅरडचा. पुष्कळ सर्किटांत तोच दिसतो, कारण ती गिगाहर्ट्झची असतात. आपल्याकडे १०० पिकोफॅरड आणि १२ नॅनोहेन्री मिळून १४५ मेगाहर्ट्झला समांतर अनुनाद तयार होतो, २२ नॅनोहेन्रीबरोबर १०७ ला. म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही कडांना दोन सापळे, आणि डायोड चालू केला की अँटेना बरोबर उलटं वागतो. १ नॅनोफॅरडच वापरा. त्याचा रिअॅक्टन्स सव्वा ओहम, तो चालतो.

जोडणी अशी. प्रत्येक बदलत्या कॉइलला समांतर शाखा: कनेक्टरच्या बाजूला १ नॅनोफॅरड, रेडिएटरच्या बाजूला डायोड, डायोडचा कॅथोड रेडिएटरकडे. कपॅसिटर आणि ॲनोड यांच्या मधल्या बिंदूला बायस द्यायचा. त्या बिंदूपासून आधी १ मायक्रोहेन्रीचा चोक, चोकच्या दुसऱ्या टोकाला १ नॅनोफॅरड ग्राउंडला, तिथून २२० ओहम, मग कंट्रोलची तार. ५ व्होल्ट दिले की प्रत्येक डायोडला सुमारे १९ मिलिअँपिअर मिळतात. प्रवाह कॅथोडमधून बाहेर पडून कॉइलच्या साखळीतून खाली उतरतो आणि शंट कॉइलमधून ग्राउंडला जातो.

तिसरी चूक: चोकनंतरचा कपॅसिटर विसरणं. तसं केलं तर २२० ओहम आरएफच्या वाटेत येतात. त्यातही स्विच रेडिएटरला चिकटवून, मुख्य कॉइलच्या वरच्या अंगाला लावला असेल, जिथे आरएफ व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, तर हा एक रेझिस्टर प्रत्येक डायोडमागे ५ ओहमच्या नुकसानीइतकं खातो. रेडिएशन रेझिस्टन्स आपला १० आहे. टप्पा ५ मध्ये बदलत्या कॉइल कनेक्टरच्या बाजूला ठेवण्याचं कारण हेच. तिथे व्होल्टेज कमी असतं आणि बायसची तार अँटेनाला जाणवत नाही.

एका वेळी एकच डायोड लावा. आधी १२ चा, मोजा. मग २२ चा, मोजा. कड्यांच्या आलेखाशी ताडून पाहा. अर्धा-पाऊण मेगाहर्ट्झचा सरकाव ठीक. एकापेक्षा जास्त सरकला तर थांबा.

तपासणी मल्टिमीटरने, व्हीएनए काढून ठेवून, ॲनोड आणि ग्राउंडमध्ये:

- ०.८ ते ०.९ व्होल्ट: डायोड चालू, सगळं बरोबर
- जवळजवळ शून्य: एकसरीतला कपॅसिटर शॉर्ट झालाय किंवा डागाचा पूल पडलाय
- जवळजवळ ५ व्होल्ट: डायोड उलटा लागलाय, नाहीतर शंट कॉइलचा डाग कोरडा आहे

पुष्कळदा तिसरं निघतं आणि दोष कॉइलच्या न खरवडलेल्या एनॅमलमध्ये सापडतो.

डायोड चालू केल्यावर अवस्था ४ चा रोध २-३ ओहमने वाढलेला दिसेल. ते डायोडचं नुकसान आहे, ते पूर्ण टळत नाही. पण ‘डायोड चालू’ ही अवस्था वरच्या वारंवारतेला ठेवल्यामुळे फायदा होतो. १३४ ला रेडिएशन रेझिस्टन्स १२० च्या मानाने जवळपास पाव पटीने जास्त असतो, त्यामुळे तिथे हे ओहम कमी बोचतात. उलटी मांडणी केली असती तर दुबळ्या टोकालाच नुकसान आलं असतं.

## टप्पा ८: कंट्रोल

पहिल्या चाचण्यांना मायक्रोकंट्रोलर नको, दोन टॉगल स्विच आणि बॅटरी घ्या. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा आठवा हार्मोनिक (आठ पट वारंवारता) १२८ ला पडतो, बरोबर आपल्या पट्ट्याच्या मध्यात. १२ मेगाहर्ट्झचे दहावा आणि अकरावा १२० आणि १३२ ला येतात. अँटेनाखाली बोर्ड ठेवून ‘रिसेप्शन खराब आहे’ म्हणणाऱ्यांचा दोष पुष्कळदा अँटेनात नसतोच. पुढे मायक्रोकंट्रोलर वापरायचाच झाला तर तो पत्र्याखाली पत्र्याच्या डबीत ठेवा आणि कंट्रोलच्या तारा फीडथ्रू कपॅसिटरमधून वर आणा.

## टप्पा ९: कार्यक्षमता तपासा

व्हीएसडब्ल्यूआर छान आला म्हणून अँटेना चांगला झाला असं होत नाही. ५० ओहमच्या रेझिस्टरचाही व्हीएसडब्ल्यूआर १ असतो. एखाद्या अवस्थेचा २ च्या आतला पट्टा १२ मेगाहर्ट्झपेक्षा रुंद दिसला तर आनंद मानू नका. एवढ्या लहान अँटेनाला तो फक्त नुकसानीतून मिळतो.

त्याच पत्र्यावर, त्याच कनेक्टरला ५६ सेंटिमीटरची तांब्याची सळई लावा. हा तुमचा मापदंड. तीन-चार मीटरवर दुसरा कुठलाही उभा अँटेना एका जागी पक्का बसवून व्हीएनएच्या दुसऱ्या पोर्टला जोडा, पहिल्या पोर्टला २० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा. हे सगळं हॉलच्या आत, बाहेर अंगणात नाही. चार अवस्थांच्या चार मध्य वारंवारतांना आधी सळई, मग आपला अँटेना मोजा. भिंतींच्या परावर्तनामुळे एका जागेचं वाचन भरवशाचं नसतं. पत्रा पाच ठिकाणी सरकवून सरासरी घ्या.

सळईपेक्षा २ डेसिबलच्या आत असेल तर काम उत्तम. ४ डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर क्रमाने पाहा: मुख्य कॉइलचे डाग, डायोडचा प्रवाह, चोकनंतरचा कपॅसिटर.

## टप्पा १०: कव्हर, वार्निश आणि आपला पाऊस

अँटेना कव्हर चढवल्याशिवाय शेवटचा ट्यून करू नका. फायबरग्लास किंवा थ्रीडी प्रिंटचं कव्हर कपॅसिटन्स वाढवतं आणि चारही अवस्था एक-दोन मेगाहर्ट्झने खाली ओढतं. मुख्य कॉइल थोडी लांबवून ते भरून काढा, आणि मगच तिच्यावर मेणाचा किंवा ॲक्रिलिकचा थेंब सोडून वेढे पक्के करा. काळा रंग लावायचा असेल तर त्यात कार्बन नाही याची खात्री करा.

खानापूरकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत उघडा एफआर-४ ओल शोषतो. कापलेल्या कडांतून जास्तच. बोर्ड ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून लगेच, कडांसकट, ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात द्या. ओल्या बोर्डावर कोटिंग दिलं तर ओल आत कोंडली जाते. नंतर कव्हरवर पाण्याचा फवारा मारून पुन्हा मोजा. अवस्था शेजारच्या तुकड्यात घसरत नसेल तर चाललं.

## टप्पा ११: ‘आता ट्रान्समीटर लावू’ असं म्हणण्याआधी

हे गणित करून पाहा. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ एएमवर, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलून, चालतो. वाहक लहर १० वॉट धरा. साडेबारा ओहमच्या वाटेत ०.९ अँपिअर प्रवाह वाहतो. दीड ओहमच्या चालू डायोडवर सव्वा वॉट उष्णता पडते आणि या लहान पॅकेजची ताकद पाव वॉटची आहे. त्यात एएमच्या शिखरावर प्रवाह दुप्पट आणि शक्ती चौपट होते, ४० वॉट. बंद डायोडवर त्या क्षणी ४०-४५ व्होल्ट येतात. शून्य बायसवर तो बंद राहत नाही, त्याला उलट व्होल्टेज द्यावं लागतं. प्रक्षेपण चालू असताना अवस्था बदलली तर डायोड तिथेच जातो, म्हणून बोलण्याचं बटण आणि स्विचिंग यांच्यात इंटरलॉक लागतो.

म्हणजे वेगळे डायोड, वेगळा बायस, वेगळी उष्णतेची व्यवस्था. विमानावर बसवायचं म्हटलं तर डीओ-१६० या विमानातल्या उपकरणांच्या मानकाप्रमाणे तापमान, कंपन आणि वीज कोसळण्याच्या चाचण्या येतात आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता लागते. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानाचे भाग बनतात म्हणून कॉलेजच्या बाकावरचा अँटेना विमानाला लावता येतो असं कुणी समजू नये. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला हे गणित स्वतःहून फळ्यावर मांडा, आणि शेजारी टप्पा ६ चे कड्यांचे व टप्पा ७ चे डायोडचे आलेख एकाच कागदावर, एकाच मापाने काढून लावा.